पंधरा नंबरचा पिवळा गडी

नमस्कार श्रोतेहो.

माझं सगळं आयुष्य पुण्यात गेलं. बर्फ म्हटलं की मला आधी आठवतो तो गोळेवाल्याचा रंधा. लादी त्याच्यावर घासली जाताना येणारा तो खर्र खर्र आवाज. आज मी तुम्हाला ऑस्ट्रियातल्या एका स्की-शर्यतीबद्दल सांगणार आहे. तिची जुनी चित्रफीत मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हाच आवाज आठवला होता. फरक एवढाच, की तिथे लादी जागेवर होती आणि रंध्यावर एक माणूस उभा होता, ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात.

त्या माणसाचं नाव फ्रान्झ क्लामर.

तारीख ५ फेब्रुवारी १९७६. गाव इन्सब्रुक, डोंगर पाचरकोफेल. हिवाळी ऑलिंपिकचं उद्घाटन आदल्याच दिवशी झालेलं, आणि आज पुरुषांची डाउनहिल, म्हणजे सरळ उताराची शर्यत. स्कीच्या शर्यती अनेक तऱ्हेच्या असतात. स्लॅलममध्ये दाट रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी जायचं असतं, तिथे कसब लागतं ते पायांच्या चपळाईचं. डाउनहिलचं तसं नाही. वरून निघायचं आणि खाली पोचायचं. एकच फेरी, दुसरी संधी नाही. मधे वळणं आहेत, उंचवटे आहेत, त्या उंचवट्यांवरून माणूस पाखरासारखा हवेत जातो, पण सगळ्याचा हिशेब शेवटी एकाच गोष्टीशी येऊन थांबतो : किती वेळ लागला. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजलेला वेळ.

पाचरकोफेलचा मार्ग होता तीन किलोमीटर वीस मीटर लांबीचा. हे अंतर क्लामरने एक मिनिट, पंचेचाळीस सेकंद आणि त्र्याहत्तर शतांशांत कापलं. सरासरी ताशी १०३ किलोमीटरला थोडी कमी. लक्षात घ्या, ही सरासरी आहे, आणि सुरुवात उभ्या जागेवरून असते. अंगावर पातळ, तंग कपडा, डोक्याला हेल्मेट, पायात सव्वादोन मीटरच्या आसपास लांबीच्या स्की. एक्सप्रेस-वेवर शंभरच्या वेगात गाडीची काच खाली करून हात बाहेर काढून बघा, नको, खरं तर काढू नका, वारा हाताला कसा मागे रेटतो ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून हे गडी गुडघे छातीशी घेऊन, पाठ सपाट करून, अंड्यासारखे गोल होतात. उभं राहिलं की वारा पकडतो आणि वेग जातो.

आता त्या दिवशीचं वातावरण सांगतो, कारण ते कळल्याशिवाय ती शर्यत कळत नाही.

चार वर्षं मागे जाऊ. १९७२, जपानमधलं साप्पोरो. ऑस्ट्रियाचा सगळ्यात मोठा स्कीपटू तेव्हा कार्ल श्रान्झ. वय तेहतीस, सगळं जिंकून झालेलं, ऑलिंपिकचं सोनं तेवढं बाकी. आणि स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष एव्हरी ब्रंडेज यांच्या पुढाकाराने त्याला बाहेर काढलं गेलं. कारण काय, तर हा हौशी खेळाडू नाही, स्कीच्या जाहिरातींतून पैसे मिळवतो. पैसे तेव्हा बहुतेक सगळेच मिळवत होते, कोणी उघड, कोणी झाकून. श्रान्झ घरी परतला तेव्हा व्हिएन्नात त्याच्या स्वागताला एखादं युद्ध जिंकून आलेल्या सेनापतीला मिळावी तशी गर्दी लोटली होती. आणि साप्पोरोची डाउनहिल कोणी जिंकावी? शेजारच्या स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसीने. दुखऱ्या जागी मीठ चोळणं म्हणतात ते हे.

त्यात १९७६ची स्पर्धा खरं तर इन्सब्रुकला व्हायचीच नव्हती. ती अमेरिकेतल्या डेन्व्हरला मिळाली होती. तिथल्या मतदारांनी खर्चाला नकार दिला, डेन्व्हरने हात वर केले आणि १९६४चा अनुभव गाठीशी असलेल्या इन्सब्रुकच्या पदरात ती पडली. त्या १९६४च्या स्पर्धेशी आपलाही एक धागा आहे. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला खेळाडू तिथेच उतरला. पोलिश घरात जन्मलेला जेरेमी बुयाकोवस्की. तो डाउनहिलमध्येच उतरला होता, आणि ती शर्यतही याच पाचरकोफेलवर होती. त्याला ती पूर्ण करता आली नाही. त्याच वर्षी या डोंगरावर सराव करताना ऑस्ट्रेलियाचा एक कोवळा स्कीपटू, रॉस मिल्न, प्राणाला मुकला होता. हे एवढ्यासाठी सांगतो, की पाचरकोफेल हा काही सहलीचा डोंगर नव्हे.

तर घरचं मैदान, चार वर्षांची ठसठस, आणि सगळ्या देशाची भिस्त बावीस वर्षांच्या एका पोरावर.

हा पोरगा आला कुठून? ऑस्ट्रियाच्या दक्षिणेला कॅरिंथिया नावाचा प्रांत आहे, तिथल्या मोसवाल्ड या डोंगरावरच्या खेड्यातून. जन्म ३ डिसेंबर १९५३चा. घरी शेती. ऑस्ट्रियात स्कीचं खरं माहेर म्हणजे टिरोल आणि साल्झबर्गकडचा भाग. कॅरिंथियाचा माणूस तिथे जरा बाहेरचाच. आपल्याकडे कुस्तीत कोल्हापूरचा नसलेला पैलवान आला की लोक जसे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतात, तसं काहीसं. पण डिसेंबर १९७३मध्ये त्याने श्लाडमिंगला पहिली विश्वचषक शर्यत जिंकली (स्कीचा विश्वचषक म्हणजे हंगामभर गावोगाव होणाऱ्या शर्यतींची मालिका), आणि त्याच्या पुढच्या हंगामात जे केलं त्याला तोड नाही. १९७४-७५च्या हंगामात नऊ डाउनहिल शर्यती झाल्या. त्यातल्या आठ क्लामरने जिंकल्या. उरलेली एक मेजेव्हची, तिथे धावता धावता पायातली स्कीच निसटली.

या हंगामातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली ऑस्ट्रियातल्याच किट्झब्युहेलची. तिथला उतार हा सगळ्या डाउनहिलवाल्यांचा काळ. क्लामर तिथे जिंकला तो फक्त एका शतांश सेकंदाने. त्या वेगात एक शतांश म्हणजे फुटाच्या आतबाहेर. शाळेतल्या पट्टीएवढं अंतर. आणि मागे कोण राहिला, तर इटलीचा गुस्ताव टोनी, जो मुळात स्लॅलमचा माणूस! जणू फिरकी गोलंदाजाने सलामीला येऊन नव्व्याण्णव धावा ठोकाव्यात.

दुसरी गोष्ट त्याच हंगामाच्या शेवटची. डाउनहिल, स्लॅलम अशा सगळ्या प्रकारांतले वर्षभराचे गुण धरून एकूण विजेता ठरतो. शेवटची शर्यत उरली तेव्हा तिघांचे गुण सारखे : टोनी, स्वीडनचा स्टेनमार्क आणि आपला क्लामर, प्रत्येकी २४०. आणि शेवटची शर्यत ठेवली होती कशाची? समांतर स्लॅलमची. दोघांनी शेजारी शेजारी काठ्यांमधून धावायचं, हरेल तो बाद. टोनी आणि स्टेनमार्क म्हणजे या कामातले उस्ताद. क्लामर पहिल्याच फेरीत गारद झाला. डाउनहिलचा चषक मिळाला, पण आठ शर्यती जिंकून वर्षाचा एकूण चषक नाही. वेळापत्रक आखणाऱ्याने त्याच्यावर अन्याय केला असं माझं मत आहे. तो स्वतः काय म्हणाला असेल ते राहू द्या.

आता परत पाचरकोफेलवर येऊ.

त्या काळी पहिले पंधरा नंबर नावाजलेल्या खेळाडूंना मिळत. त्या पंधरात कोण कधी निघणार ते चिठ्ठीवर. रुसीच्या वाट्याला आला तीन नंबर आणि क्लामरच्या वाट्याला पंधरा, म्हणजे सगळ्यात शेवटचा. रुसी लवकर खाली गेला. वेळ १:४६.०६. अप्रतिम धाव. स्वच्छ, मोजून मापून केलेली, जणू शुद्धलेखन. मग एकेक जण आला आणि रुसीच्या मागे राहिला. इटलीचा हर्बर्ट प्लांक त्यातल्या त्यात जवळ पोचला. एवढा सगळा वेळ क्लामर वर उभा. खाली डोंगराच्या कडेने साठ हजार माणसं. एव्हाना मार्गावर चौदा जणांच्या स्कींनी चऱ्या पाडलेल्या.

आणि तो निघाला, पिवळ्याधमक पोशाखात.

श्रोतेहो, ही धाव सुंदर नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांना वाटतं की जगातली सर्वांत गाजलेली डाउनहिल म्हणजे काहीतरी सुबक असणार. नाही. पहिल्या काही सेकंदांतच त्याचा तोल जातो. एक हात हवेत, एक पाय बर्फावरून सुटलेला, हातातल्या काठ्या भलत्याच दिशेला. उंचवट्यावरून उडतो तेव्हा अंग वेडंवाकडं, उतरतो तो एकाच स्कीवर. कडेच्या कुंपणाच्या इतका जवळून जातो की बघणाऱ्याने पाय आखडून घ्यावा. वरच्या भागात वेळ मोजतात तिथे तो रुसीच्या मागे होता, सुमारे एक पंचमांश सेकंदाने. डाउनहिलमध्ये गेलेली वेळ परत मिळवणं फार अवघड, कारण खाली सगळेच वेगात असतात. हिशेबाने बघितलं तर त्याची शर्यत तिथे संपली होती.

खालच्या अर्ध्यात त्याने काय केलं, तर हिशेब सोडून दिला. एका मोठ्या वळणावर सरावात कधी न धरलेली वाट त्याने धरली. वळणात वरून, कुंपणाला लगटून. तिथे बर्फ टणक राहिलेला असतो, पण जरा चुकलं तर थेट जाळीत. म्हणजे बाकीचे जिथे वेग सांभाळत होते, तिथे तो वेग गोळा करत होता. त्याच्या बाहेर फेकल्या जाणाऱ्या हातांकडे बघून वाटतं हा पडणार, आता पडणार. पण नजर खाली, त्याच्या गुडघ्यांकडे न्या. वर सगळं अंग गोंधळ घालतंय आणि खाली ते दोन गुडघे बैलगाडीच्या चाकासारखे आपल्या चाकोरीत पक्के.

मग शेवटची रेघ, आणि फलकावर १:४५.७३.

रुसीपेक्षा तेहतीस शतांश कमी. मी आकडेमोड करून पाहिली, त्या वेगात ते साडेनऊ मीटरच्या आसपास होतं. तीन किलोमीटर धावून साडेनऊ मीटर. वेळ म्हणून मोजायचं तर मी आत्ता, एवढ्यात, एक चुटकी वाजवली, तेवढं. खाली रुसी उभा होता, त्याने पहिल्यांदा जाऊन क्लामरचं अभिनंदन केलं. दोघांची मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

बहुतेक जण क्लामरची गोष्ट इथे संपवतात. मला मात्र पुढची वर्षं जास्त ओढतात.

१९७५ ते १९७८ अशी सलग चार वर्षं डाउनहिलचा विश्वचषक त्याच्याकडे राहिला, किट्झब्युहेल त्याने लागोपाठ तीनदा जिंकलं, आणि मग एकाएकी सगळं थांबलं. त्याच काळात त्याचा धाकटा भाऊ क्लाउस एका शर्यतीत पडला आणि त्याचं कमरेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. ज्या उतारावर तुम्ही कमावता, त्याच उतारावर घरातला पोर असा जायबंदी होतो. मग पुढच्या वेळी वरच्या फाटकात उभं राहिल्यावर पोटात काय होत असेल? भावाच्या अपघाताचा त्याच्या पडत्या काळाशी किती संबंध होता, यावर बाहेरच्या माणसाने बोलू नये. स्कीही बदलल्या होत्या, साधनं बदलली होती. एवढं खरं, की शर्यतीमागून शर्यत गेली आणि क्लामर जिंकेना.

१९८०चं ऑलिंपिक लेक प्लॅसिडला होतं. ऑलिंपिक विजेता क्लामर ऑस्ट्रियाच्या संघातच नव्हता. त्याला वगळलं. आणि ऑस्ट्रियातला बाक केवढा भरलेला असतो बघा : जो लिओनहार्ड स्टॉक राखीव म्हणून गेला होता, त्याने सरावात सगळ्यांना मागे टाकलं, ऐन वेळी संघात आला आणि सोनं घेऊन गेला. क्लामरच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने त्या दिवशी स्की माळ्यावर टाकल्या असत्या. नाव होतं, पैसा होता, वय सव्वीस.

तो खेळत राहिला. जिथे एकेकाळी पहिला येणं गृहीत होतं, तिथे मागच्या नंबरांत येत राहिला. मला वाटतं, पंधरा नंबर लावून पाचरकोफेलवरून झेपावण्यापेक्षा हे कठीण. तिथे साठ हजार माणसं ओरडत होती. इथे कोणी बघतही नव्हतं.

डिसेंबर १९८१मध्ये, फ्रान्सच्या व्हाल दिझेर इथे, तो पुन्हा जिंकला. १९८३मध्ये डाउनहिलचा चषक पाचव्यांदा घेतला. आणि जानेवारी १९८४मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, किट्झब्युहेलचा तो उतार चौथ्यांदा. ज्या उतारावर नऊ वर्षांपूर्वी पट्टीभर अंतराने वाचला होता, तोच.

महिन्याभराने साराएव्होच्या ऑलिंपिकमध्ये तो दहावा आला. १९८५मध्ये थांबला, आणि थांबला म्हणजे काय, तर मोटारींच्या शर्यतीत उतरला. पुढे जायबंदी झालेल्या खेळाडूंसाठी त्याच्या नावाने एक संस्था उभी राहिली. विश्वचषकाच्या डाउनहिल शर्यतींत त्याचे विजय आहेत पंचवीस. पुरुषांमध्ये तो आकडा अजून कोणी गाठलेला नाही.

ती चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. पहिल्यांदा बघाल तेव्हा नजर त्या हातांवरच जाईल, माझीही गेली होती. दुसऱ्यांदा गुडघे बघा.

नमस्कार.