जहाजावरचं बिल कोणत्या चलनात फेडायचं?

[दृश्य: केबिनच्या दारापाशी अडकवलेला बिलाचा कागद. कॅमेरा खाली सरकत शेवटच्या दोन ओळींवर थांबतो.]

क्रूझच्या शेवटच्या रात्री हा कागद केबिनपाशी येतो. बऱ्याच जहाजांवर आता तो ॲपमध्ये किंवा केबिनमधल्या टीव्हीवरच दिसतो. वाय-फाय, पेयं, किनाऱ्यावरच्या सहली, कर्मचाऱ्यांची टिप, सगळे आकडे डॉलरमध्ये. एकूण 1,200 डॉलर. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे: हीच रक्कम तुमच्या कार्डाच्या चलनात, आणि शेजारी विनिमय दर.

ही दुसरी ओळ दिसली, की समजायचं, रूपांतर जहाजानेच उरकून टाकलंय. तुमच्या बँकेकडे डॉलरचा व्यवहार जाणारच नाही. जाईल तो तयार आकडा.

या सोयीला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. कार्डाच्या सुरुवातीच्या 6 किंवा 8 अंकांवरून ते कोणत्या बँकेचं आणि कोणत्या देशातलं आहे, हे यंत्रणेला कळतं. जहाजाचं चलन आणि कार्डाचं चलन वेगळं निघालं, की डीसीसी पुरवणारी कंपनी स्वतःचा दर लावते. हा दर घाऊक बाजारातल्या, म्हणजे बँका आपसांत चलन बदलतात त्या, दरावर बहुधा 3 ते 5 टक्के चढवलेला असतो, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. वरचे पैसे ती कंपनी, व्यापाऱ्याची बँक आणि व्यापारी यांच्यात वाटले जातात. इथे व्यापारी म्हणजे क्रूझ कंपनी.

[पडद्यावर आकडे एकेक करून उमटतात.]

1,200 डॉलरवर 4 टक्के म्हणजे 48 डॉलर. एवढ्यावर थांबलं तरी बरं. पण काही बँका, व्यापारी परदेशातला आहे एवढ्याच कारणावरून, आधीच रूपांतरित होऊन आलेल्या रकमेवरही आपलं परदेशी व्यवहार शुल्क लावतात. ते 2 टक्के धरलं, तर 1,248 वर आणखी 24.96. म्हणजे 1,200 च्या बिलापोटी 1,272.96 डॉलरएवढी रक्कम खात्यातून जाते. तेच बिल डॉलरमध्ये घेतलं असतं, तर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने 1,200 आणि बँकेचं शुल्क 24, एकूण 1,224. परदेशी व्यवहार शुल्क नसलेलं कार्ड असेल तर हे 24 सुद्धा वाचतात.

डीसीसीच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते: आपल्या चलनात नक्की किती रक्कम जाणार, ते तिथल्या तिथे कळतं. खरं आहे. पण व्यवहार बँकेत नोंदला जाईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत मोठ्या चलनांचे दर एरवी 4 टक्क्यांनी हलत नाहीत. त्यामुळे ही खात्री फार महाग पडते.

[दृश्य: बंदरावरची चेक-इनची रांग. हातातल्या फोनवर कार्ड नोंदवण्याचं पान.]

दुकानात कार्ड यंत्राला लावलं, की पडद्यावर दोन चलनं दिसतात आणि निवड आपण करतो. जहाजावर तसं होत नाही, आणि सगळा घोळ इथेच आहे. जहाजावर कार्ड एकदाच नोंदवलं जातं: घरबसल्या ॲपवर किंवा बंदरावर चेक-इनच्या वेळी. पुढे आठवडाभर खर्च केबिनच्या खात्यावर चढत राहतो आणि शेवटच्या रात्री सगळा मिळून कार्डावर टाकला जातो. त्या क्षणी तुम्हाला कुणी विचारायला येत नाही. तुम्ही सही केलेल्या किंवा टिक केलेल्या अटींतच संमती दिलेली असू शकते. ‘कार्डाच्या चलनात आकारणी करण्यास मान्यता’ अशा अर्थाचं एखादं वाक्य तिथे असतं. कार्ड नेटवर्कच्या, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड यांच्या, नियमांनुसार ग्राहकाला निवड द्यावीच लागते. पण हॉटेल, भाड्याची गाडी आणि क्रूझ यांसारख्या ठिकाणी ती आधीच लेखी घेऊन ठेवायची मुभा आहे.

म्हणून खटपट करायची ती पहिल्याच दिवशी.

आधी जहाजाचं चलन कोणतं, ते बघून ठेवा. कंपनीच्या देशावरून अंदाज बांधू नका. बहुतेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर डॉलर चालतो. एमएससी आणि कोस्टाच्या भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर युरो. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसवर पौंड. पण क्युनार्ड ब्रिटिश वळणाची असूनही तिच्या जहाजांवर हिशेब डॉलरमध्ये होतो. जहाजाचं आणि कार्डाचं चलन एकच असेल, तर डीसीसीचा प्रश्नच येत नाही.

मग गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जा. पहिल्या दुपारी तिथे गर्दी असते; रात्री जेवणाच्या वेळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलात तर दोन मिनिटांचं काम आहे. तिथे एवढंच म्हणा: ‘चार्ज माय कार्ड इन यूएस डॉलर्स, नो करन्सी कन्व्हर्जन.’ जहाजाचं चलन युरो असेल तर डॉलरच्या जागी युरो. काही जहाजांवर यासाठी छोटा फॉर्म असतो, काही ठिकाणी कर्मचारी खात्यावर नोंद करतो. फॉर्म असेल तर प्रत किंवा फोटो घ्या. नुसती नोंद असेल तर ती पडद्यावर दाखवायला सांगा आणि तारीख टिपून ठेवा.

नकार द्यायची मुदत अटींमध्ये लिहिलेली असते. शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, कारण बरीच जहाजं पहाटेच खाती बंद करतात आणि तोवर रक्कम कार्डावर गेलेली असते.

[दृश्य: काउंटरवर दोन कार्डं शेजारी शेजारी ठेवलेली.]

इथे तीन ठिकाणी लोक फसतात. एकाच केबिनमध्ये दोघांची वेगवेगळी कार्डं नोंदवली असतील, तर नोंद दोन्हींवर लागते. मधेच कार्ड बदललं, तर जुनी नोंद नव्या कार्डाला लागू होईलच असं नाही, पुन्हा विचारा. आणि लागोपाठ दोन सफरी घेतल्या असतील, तर पहिलीच्या शेवटी खातं बंद होऊन दुसरीसाठी नवं उघडतं. म्हणजे काउंटरवर परत एकदा.

उतरण्याच्या आदल्या दिवशी ॲपवर किंवा टीव्हीवर बिल उघडून बघा. तळाशी दुसरं चलन दिसत असेल, तर त्याच संध्याकाळी काउंटर गाठा. खाती बंद व्हायच्या आत ते बदलून मिळायची आशा असते.

दर किती चढवलाय, हे स्वतः तपासता येतं. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळांवर दर काढायची सोय आहे. समजा, कार्ड युरोचं आहे. बिलावर 1 डॉलरला 0.962 युरो लिहिलंय आणि त्या दिवशी नेटवर्कचा दर 0.925 आहे. 0.962 ला 0.925 ने भागलं की 1.04 येतं. वरचे 4 टक्के हा चढवलेला भाग. बँकेच्या शुल्काशी तुलना करायची ती या आकड्याची. युरोपियन युनियनने 2019 च्या नियमाने आपल्या हद्दीतल्या व्यवहारांसाठी हे गणित ग्राहकावर सोडलं नाही: एप्रिल 2020 पासून तिथे चढवलेला भाग युरोपियन सेंट्रल बँकेच्या ताज्या संदर्भ दराच्या तुलनेत टक्क्यांत दाखवावा लागतो. असा टक्का छापलेला दिसला, तर न वाचता पुढे जाऊ नका.

[दृश्य: फोनवर बँकेचे संदेश. एकाखाली एक अडवलेल्या रकमा.]

कार्ड कोणतं न्यायचं? परदेशी व्यवहार शुल्क नसलेलं क्रेडिट कार्ड सगळ्यांत बरं. डेबिट कार्डात वेगळीच अडचण होते. चढल्याबरोबर जहाज काही रक्कम अडवून ठेवतं आणि खर्च वाढेल तशी आणखी अडवत जातं. क्रेडिट कार्डावर त्याने फक्त मर्यादा कमी होते, डेबिटवर खात्यातले खरे पैसे अडकतात. शेवटचं बिल लागल्यावरही या रकमा सुटायला काही दिवस जाऊ शकतात. आधी पैसे भरून घ्यायच्या प्रीपेड कार्डावरही हाच ताण येतो, आणि काही जहाजं असं कार्ड खात्यासाठी घेतच नाहीत. ते चालत असेल आणि त्यात जहाजाचंच चलन भरलं असेल, तरी नोंदणी करताना डीसीसीचं विचाराच. यंत्रणा कार्डाचं मूळ चलन दुसरंच समजू शकते.

रोखीनेही खातं चालवता येतं: सुरुवातीला अनामत भरायची, शेवटी उरलेलं परत घ्यायचं. पण ती नोट मुळात कुठून आणली, हा प्रश्न राहतोच. जहाजावर नोटा बदलून घेण्याचा दर क्वचितच चांगला असतो, आणि जहाजावरच्या एटीएमचं शुल्क किनाऱ्यावरच्या बँकेच्या एटीएमपेक्षा जड असतं. कॅसिनोत खात्यावर पैसे उचलले तर टक्केवारीने वेगळं शुल्क लागू शकतं. त्याचा विनिमय दराशी संबंध नाही, त्यामुळे डीसीसी नाकारल्याने ते टळत नाही.

वाय-फाय, टिप आणि सहली निघण्यापूर्वीच आपल्या चलनात भरता आल्या, तर जहाजावरचं बिल हलकं होतं. मात्र त्या किमतीत कंपनीने स्वतःचा दर आधीच धरलेला असतो. डॉलरमधली किंमत नेटवर्कच्या दराने बदलून ताडून बघा. कधी फायदा दिसतो, कधी नाही.

परतावा हा सर्वांत दुर्लक्षित भाग. रद्द झालेल्या सहलीचे पैसे खातं बंद व्हायच्या आत जहाजाच्या चलनात खात्यावर परत आले, तर काही बिघडत नाही. बंद झाल्यावर आले आणि मूळ आकारणी डीसीसीने झालेली असली, तर परतावा त्या दिवसाच्या वेगळ्या दराने होऊ शकतो. जाताना एकदा घट बसलेली असते, येताना पुन्हा बसते.

[दृश्य: बँकेचं स्टेटमेंट. बोट एका नोंदीखाली.]

घरी आल्यावर स्टेटमेंट उघडा. मूळ रक्कम डॉलरमध्ये आणि शेजारी रूपांतर दिसत असेल, तर सांगितलेलं पाळलं गेलं. फक्त तुमच्याच चलनातला आकडा असेल आणि डॉलरचा मागमूस नसेल, तर डीसीसी लागली. नकाराची नोंद हाती असेल, तर आधी क्रूझ कंपनीला लेखी कळवून रक्कम जहाजाच्या चलनात पुन्हा आकारायची मागणी करा. ऐकलं नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे जा. व्हिसाच्या नियमांत चुकीच्या चलनातल्या आकारणीसाठी 12.3 या क्रमांकाचा तक्रारीचा प्रकारच आहे. सोबत काउंटरवरच्या फॉर्मचा फोटो, अंतिम बिल आणि स्टेटमेंटचं पान जोडा. नेटवर्कची मुदत साधारण 120 दिवसांची असते. बँक स्वतःसाठी त्याहून कमी दिवस ठेवू शकते, त्यामुळे नोंद दिसेल त्याच आठवड्यात अर्ज द्या.