खोलना-जोडना : सॅकमधली रायफल

(दृश्य : नौपाड्यातलं स्वयंपाकघर. ओट्यावर वजनकाटा, त्यावर कापडी पिशवी.)

सोळाशे ग्रॅम. पिशवीत वाडा कोलम आहे. रायफल माझ्याकडे नाही आणि ठाण्यात ती बाळगायचं मला कारणही नाही. पण अलास्कात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याचा परवा फोन आला. "मामा, ऑगस्टमध्ये बारा दिवस जंगलात पायी जायचंय. सॅकमध्ये मावेल अशी रायफल घेतोय. तू एनसीसीत पॉइंट टू-टूची रायफल मारायचास ना? कोणती घेऊ, सांग." त्याच्या यादीतली सगळ्यात हलकी रायफल साधारण एवढ्याच वजनाची आहे. म्हणून हे तांदूळ सॅकमध्ये टाकले आणि निघालो.

(दृश्य : उपवन तलाव, पावसाळी सकाळ. येऊरचा चढ.)

पहिल्या वळणापर्यंत काही वाटत नाही. पाटोणापाड्याच्या अलीकडे खांदे बोलायला लागतात. तंबू, भांडं, बारा दिवसांचा शिधा, हे सगळं याच्या वर. म्हणजे वजनाचा प्रश्न खरा आहे.

येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग. इथे बिबट्या आहे, आणि तरीही इथे बंदूक आणता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय उद्यानात शस्त्र नेणं गुन्हा आहे. खिशात 1959 च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना असला तरीही. हे योग्यच आहे, असं मी मनापासून मानतो. इथे दोन-तीन तास चाललं की वस्ती लागते. अलास्कात आठवडाभर चालून माणूस दिसेलच असं नाही. तिथे तर एके काळी छोट्या विमानात जगण्यापुरत्या सामानाबरोबर बंदूक ठेवणं कायद्यानंच सक्तीचं होतं.

(दृश्य : हातात धरलेलं रेखाचित्र. दोन तुकड्यांत उघडलेली रायफल.)

टेकडाउन रायफल म्हणजे हत्याराशिवाय, नुसत्या हातानं दोन-तीन तुकड्यांत सुटणारी रायफल. एनसीसीत आम्ही 'खोलना-जोडना' करायचो ते साफसफाईसाठी. इथे ती सॅकमध्ये मावावी म्हणून.

या कुळातली नावाजलेली एआर-7. युजीन स्टोनर यांची. पुढे ज्यातून अमेरिकी सैन्याची एम-16 आली, ती रायफलही त्यांचीच. ते ज्या कंपनीत होते तिनं आधी हवाई दलाच्या वैमानिकांसाठी एआर-5 केली होती, विमान पडलं तर जगता यावं म्हणून. एआर-7 तिचा नागरी अवतार. बॅरल म्हणजे नळी, रिसीव्हर म्हणजे घोडा आणि यंत्रणा असलेला मधला भाग, मॅगझिन म्हणजे काडतुसांची पेटी, हे सगळं खांद्याला टेकवायच्या पोकळ प्लास्टिकच्या बटात जातं. बंद केली की जेमतेम सव्वा फुटाच्या थोडी वर, आणि पाण्यात पडली तरी तरंगते. आज मिळते ती साधारण सोळाशे ग्रॅमची.

दुसरी रुगर 10/22 टेकडाउन. 2012 साली आली. एकवीसशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अर्धा किलो जास्त.

काडतूस दोन्हींचं एकच, 'पॉइंट टू-टू लाँग रायफल' नावाचं. 1887 पासून चालत आलेलं, एक इंच लांब. पन्नास काडतुसांचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या घरात. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन नेमबाजीत कांस्यपदक घेतलं, ते याच काडतुसावर. ससा, खार, रानकोंबडीएवढा पक्षी, एवढीच याची ताकद. अस्वलासमोर ते काहीच नाही. अस्वलासाठी मिरचीचा फवारा वेगळा घे, हे भाच्याला मी दोनदा बजावलं.

आता खरी गोष्ट, सांध्याची. रायफल सोडली आणि परत जोडली, की गोळी आधीच्याच जागी बसते का? एआर-7 मध्ये फोरसाइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, बॅरलवर आणि बॅकसाइट, म्हणजे मागची खूण, रिसीव्हरवर. म्हणजे दोन्हींच्या मधोमध सांधा. सांध्याचा नट नीट आवळला गेला नाही, की नेम हलला. रुगरमध्ये दोन्ही साइट बॅरलवरच आहेत. सांधा केसभर इकडेतिकडे झाला तरी त्यांचं एकमेकींशी नातं तुटत नाही. बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, मागे अडकवायचा, बॅरल तिरकी घालायची, फिरवायची, 'खट्' असा आवाज आला की झालं. शिवाय एआर-7 काडतुसांच्या बाबतीत चोखंदळ आहे. एखादा ब्रँड तिला चालतो, एखादा अडकतो. भूक लागलेली, बोटं गारठलेली, अशा वेळी मला हा चोखंदळपणा नको.

म्हणून माझं मत अर्धा किलो जास्त वाहायच्या बाजूनं पडलं. आणि तो अर्धा किलो दुसरीकडून काढायचा.

(दृश्य : वडाखाली उघडलेली सॅक. ताडपत्री, काडेपेटी, पातेलं.)

दुसरीकडून, पण इथून नाही. ताडपत्री, पाणी उकळायला पातेलं, कोरड्या काड्या. जंगलात माणूस आधी थंडीनं आणि ओलीनं मरतो, मग तहानेनं. भुकेला आठवडे लागतात. आणि नुसत्या सशाच्या मांसावर माणूस फार दिवस टिकत नाही. त्यात चरबी नसते. पोट भरलेलं असूनही जुलाब, अशक्तपणा सुरू होतो. उत्तरेकडच्या शिकाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तुपाचा डबा रायफलच्या आधी सॅकमध्ये गेला पाहिजे.

एक गोष्ट मी स्वतः भोगलीय. पावसाळी कॅम्पला रायफल पुसायला मी चिंदी नेली, तेल विसरलो. तिसऱ्या दिवशी बॅरलच्या तोंडाशी तांबूस रेघ. बोट फिरवलं की खरखर लागायची. ती खरखर अजून बोटाला आठवते. तेलाची कुपी तळहातात मावते, तिचं वजन धरूही नये.

(दृश्य : मोबाइलवर आलेला फोटो. टार्गेटचा कागद.)

भाच्यानं रुगर घेतली. रेंजवर जाऊन पाच गोळ्या मारल्या, रायफल सोडली, जोडली, आणखी पाच मारल्या. दुसरं ग्रुपिंग, म्हणजे भोकांचा पुंजका, पहिल्यापासून दोन बोटं डावीकडे. "मामा, तू तर म्हणालास हलत नाही!"

फोटो मोठा करून पाहिला. रिसीव्हरवर दुर्बीण बसवली होती त्यानं. म्हणजे दुर्बीण आणि बॅरलच्या मधे पुन्हा सांधा.

"ती काढ," म्हटलं. "बॅरलवरच्या साइटनं मार. सांध्याशी नट आहे तो हातानं आवळ, आणि दहा वेळा सोडून-जोडून मग कागद पाठव."

रविवारी कागद आला. पन्नास भोकं, सगळी एका वाटीच्या तोंडात मावतील एवढ्यात.