लाकूड हलतं, दगड हलत नाही

[दृश्य: कारखान्यात रचून ठेवलेल्या फळ्या. रंध्याचा आवाज.]

पूल टेबल बघायला आलेला माणूस आधी लाकडावरून हात फिरवतो. अक्रोडाचे रेषे, पायांची घडण, कडेचं पॉलिश. गंमत अशी, की खेळ सुरू झाला की बॉल यातल्या कशालाही शिवत नाही. तो कापडावरून धावतो, रबरावर आपटतो, पॉकेटमध्ये पडतो. लाकडानं या सगळ्यांना जागच्या जागी धरून ठेवायचं, एवढंच. पण लाकडाला मुळात स्वस्थ बसायची सवयच नाही, आणि खरं डिझाइन तिथूनच सुरू होतं.

[दृश्य: रिकामी खोली. जमिनीवर खडूनं आखलेला आयत.]

पहिली टेप धरायची ती खोलीत. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं क्षेत्र एका कुशनच्या, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीच्या, टोकापासून समोरच्या टोकापर्यंत १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद. खेळायची काठी, म्हणजे क्यू, साधारण ५८ इंचांची. ती चारही बाजूंना मावायची तर १८ बाय १४ फूट जागा लागते, आणि हात मागे खेचायला थोडी आणखी. तेवढी नसेल तर आठ फुटी टेबल घ्यावं, ८८ बाय ४४ इंचांचं. 'भिंतीपाशी आखूड काठी वापरू' म्हणणारे असतात. त्यांचं ऐकू नये. लांबी रुंदीच्या दुप्पट आणि बेडची, म्हणजे बॉल धावतो त्या सपाट भागाची, उंची २९.२५ ते ३१ इंच, या दोन गोष्टींना हात लावायचा नाही. पाय कोरीव हवेत की सरळ, ही ज्याची त्याची आवड.

[दृश्य: तिघे-चौघे मिळून स्लेटचा तुकडा उचलतात.]

ही स्लेट, कापडाखालचा पाटीचा दगड. राखाडी, थंड, एक इंच जाडीची. पूर्वी बेडही लाकडाचाच असे आणि हवेप्रमाणे वाकडा होई. लंडनच्या जॉन थर्स्टननं १८२६ च्या सुमारास स्लेट वापरली आणि तो प्रश्न मिटला. नऊ फुटी टेबलाला तिचे तीन तुकडे लागतात, एकूण अडीचशे किलोच्या आसपास. दगड हलत नाही. आता त्याला हलणाऱ्या लाकडावर बसवायचं.

[दृश्य: फळीचं कापलेलं टोक, अगदी जवळून.]

हे टोक नीट बघा. या रेषा म्हणजे झाडाची वर्षं. हवेतला ओलावा प्यायली की फळी लांबीत वाढतच नाही म्हटलं तरी चालेल. ती फुगते रुंदीत. या रेषा फळीच्या पाठीशी उभ्या असतील तर हे फुगणं साधारण निम्म्यावर येतं. म्हणून जाणता सुतार सांगाड्याला आणि रेलला, म्हणजे कुशन बसवलेल्या काठाला, उभ्या रेषांचे तुकडे निवडतो, आणि आडव्या रेषांची देखणी नक्षी बाहेरच्या पट्टीसाठी राखून ठेवतो.

वीतभर रुंदीची साधी फळी कोरड्या हवेतून दमट हवेत गेली की दोन-तीन मिलिमीटर सहज वाढते. आणि स्पर्धेच्या नियमांना बेडच्या सपाटपणात रुंदीच्या दिशेनं ०.०१० इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणजे पाव मिलिमीटर! लाकूड त्याच्या दहा पट हलणार, आणि बेडला त्याचा पत्ताही लागता कामा नये.

मग काय करायचं? वजन पायांच्या उभ्या रेषांवरून जमिनीत उतरवायचं. आतले आडवे वासे जाड प्लायचे घ्यायचे. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते ऋतूप्रमाणे फुगत नाहीत. बाहेर अस्सल लाकूड आणि आत प्लाय म्हणजे फसवणूक, असं काहींना वाटतं. मला विचाराल तर आतही हट्टानं भरीव लाकूड घालणं हीच गिऱ्हाइकाची फसवणूक. बाहेरची रुंद पट्टी चिकटवून गच्च करायची नाही. तिला लांबट भोकांतून स्क्रू द्यायचे, म्हणजे ती मागेपुढे सरकेल पण तडकणार नाही. एवढं करून मधोमध २०० पौंड भार ठेवला, तर बेड ०.०३० इंचापेक्षा जास्त दबू नये, असाही नियम आहे.

[दृश्य: रेलचा आडवा छेद.]

रेल एकसंध दिसते, पण तिच्यात दोन जातींचं लाकूड असतं. वर मेपल किंवा अक्रोड. रबराच्या मागे पॉपलरसारखं मऊ, कारण कापडाच्या पिना तिथेच मारायच्या आणि कापड बदलताना तिथूनच उपटायच्या. बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर. कुशनचं टोक त्याच्या ६३.५ टक्के उंचीवर हवं, म्हणजे सुमारे ३६.३ मिलिमीटर. टोक खाली गेलं तर जोराचा बॉल उडी मारतो. वर गेलं तर तो बेडवर दाबला जातो आणि उसळी मरते. रेलची जाडी ठरते ती या एका मापावरून.

[दृश्य: शिंपल्याची गोल टिकली खाचेत बसते.]

रेलवरच्या या खुणा १२.५ इंचांच्या अंतरानं. त्यांची मापं कुशनच्या टोकापासून घ्यायची. लाकडाच्या कडेवरून घेतली तर दिसायला छान, नेम धरायला निरुपयोगी.

[दृश्य: स्लेटचा सांधा. बर्नरची निळी ज्योत.]

जोडणीचा दिवस. पाणसळ स्लेटवर ठेवतात, बुडबुडा बघतात, खाली पातळ पाचर सरकवतात, पुन्हा बघतात. तीन तुकडे एका पातळीत आले की सांध्याजवळ दगड तापवून वितळलेलं मेण ओततात. ते थंड झालं की धारदार पात्यानं खरवडायचं. मग डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवायचं. बोटाला सांधा सापडला, तर काम राहिलंय.

कापड ताणून बसवणं हे वेगळं कसब, पण बघायला फार काही नाही. सहाही रेलना तीन-तीन बोल्ट. एखादा सैल राहिला की तिथे बॉल आपटल्यावर भद्द आवाज येतो.

[दृश्य: टेबलाखाली शिरलेला कारागीर, हातात पाना.]

वर्षभरात लाकूड त्या खोलीच्या हवेला सरावतं, आणि पातळी पुन्हा तपासावी लागते. पुढे कापड झिजतं, मालक घर बदलतो. म्हणून प्रत्येक बोल्टपर्यंत पाना पोचला पाहिजे, बाहेरची पट्टी न फोडता निघाली पाहिजे, आणि आतल्या प्रत्येक तुकड्यावर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीनं आकडा घातलेला असला पाहिजे. या टेबलाला ते आकडे आहेत. डाव्या पुढच्या पायापासून सुरू होतात.