व्हिटबी : कोळशाच्या जहाजांचे बंदर

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर एस्क नदी समुद्राला मिळते, तेथे दोन्ही काठांवर व्हिटबी हे बंदर वसले आहे. पूर्वेच्या कड्यावर मठाचे भग्नावशेष दिसतात. मूळ मठ इ. स. ६५७ मध्ये स्थापन झाला आणि त्याचे प्रमुखपद हिल्डा या स्त्रीकडे होते. ईस्टरचा दिवस रोमच्या पद्धतीने ठरवावा, हा नॉर्थम्ब्रिया या उत्तर इंग्लंडमधील तेव्हाच्या राज्याच्या राजाचा निर्णय ६६४ मध्ये येथेच झाला. कड्यावर नेणाऱ्या १९९ पायऱ्यांवर मधूनमधून सपाट टप्पे आहेत. वरच्या दफनभूमीकडे शवपेटी नेणारे खांदेकरी तेथे दम घेत.

गावाचे खरे कर्तृत्व मात्र खाली, नदीकाठच्या गोद्यांत घडले. अठराव्या शतकात टाइन नदीच्या परिसरातून लंडनला दगडी कोळसा वाहणारी जहाजे येथे बांधली जात. रुंद नाकाची आणि सपाट तळाची ही जहाजे देखणी मुळीच नव्हती. पण त्यांच्यात माल भरपूर मावे आणि ओहोटीच्या वेळी ती वाळूवर न कलंडता टेकत. जेम्स कुक १७४६ मध्ये जॉन वॉकर या येथील जहाजमालकाकडे उमेदवारीला लागला, तो अशाच जहाजांवर. पुढे १७६८ मध्ये आरमाराने त्याच्या पॅसिफिक मोहिमेसाठी घेतलेले ‘एंडेव्हर’ हे मुळात येथेच बांधलेले ‘अर्ल ऑफ पेम्ब्रोक’ नावाचे कोळशाचे जहाज होते. १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळ खडकांवर त्याचा तळ फुटला, तेव्हा ते नदीच्या काठावर चढवून दुरुस्त करता आले, याचे श्रेय त्या बेढब बांधणीलाच द्यावे लागेल.

देवमाशांची शिकार १७५३ मध्ये सुरू झाली आणि १८३७ मध्ये संपली. व्हिक्टोरिया राणीच्या वैधव्यानंतर येथील ‘जेट’ या काळ्या जीवाश्म-लाकडाच्या दागिन्यांना मागणी आली, तीही फार काळ टिकली नाही.

३० ऑक्टोबर १९१४ च्या पहाटे ‘रोहिल्ला’ हे जहाज जवळच्या सॉल्टविकच्या खडकांवर आदळले. एरवी हिंदुस्थानच्या मार्गावर धावणारे हे जहाज तेव्हा युद्धातील जखमींना आणायला निघाले होते. किनारा हाकेच्या अंतरावर असूनही सुटका तीन दिवस चालली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. वल्ह्यांच्या नौकांचे काही चालेना, तेव्हा टाइनमथहून आलेल्या मोटारनौकेने खवळलेल्या पाण्यावर तेल ओतून उरलेल्या ५० जणांना उतरवून घेतले.

आज गावाचा चरितार्थ मुख्यतः पर्यटकांवर चालतो. तरीही एस्कच्या काठी मासेमारीचे पोलादी ट्रॉलर अजून बांधले जातात, आणि ते समुद्राकडे निघाले की दोन्ही काठांना जोडणारा फिरता पूल वाहतूक थांबवून उघडावा लागतो.