राखेचं पुन्हा लाकूड करायचं म्हणजे…

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेतला एक प्रयोग आठवतोय? चुन्याची निवळी घ्यायची, नळीनं तिच्यात फुंकायचं, आणि बघता बघता ती दुधाळ व्हायची. ही करामत आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. पृथ्वी तापवतोय तोही हाच वायू. मग सरळ फोडावा की! कार्बन एकीकडे, ऑक्सिजन दुसरीकडे, मिटलं.

इतकं सोपं नाही. कारण हा वायू म्हणजे जळणाची राखच. चुलीतली दिसते, ही उडून जाते. 12 ग्रॅम कार्बन जळला की सुमारे 394 किलोज्यूल उष्णता मिळते. वायू फोडताना ती सगळी परत मोजावी लागते, वर दलाली वेगळीच. त्यासाठी वीज कोळशाची घेतलीत तर आणखी पंचाईत. कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. म्हणजे एका किलोचा धूर फोडायला तीन किलो जाळा! एका सावकाराचं फेडायला तिघांपुढे हात पसरण्यातली गत.

तरी माणसानं तो फोडलाय, आणि तोही मंगळावर. तिथल्या हवेत 95 टक्के हाच वायू. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या मॉक्सी यंत्रानं 2021 ते 2023 या काळात तो 800 अंशांना तापवून फोडला. सोळा खेपांत ऑक्सिजन मिळाला एकूण 122 ग्रॅम. शिवाय रेणू फुटला तो अर्धाच. मागे राहिला कार्बन मोनॉक्साइड, बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणाऱ्यांचा जीव घेणारा. आपल्याकडे तर हवेच्या दहा हजार रेणूंत हा वायू जेमतेम चार. आधी तो पकडा, मग फोडा.

म्हणून मला आइसलँडवाल्यांचं शहाणपण जास्त पटतं. ते फोडायच्या भानगडीतच पडले नाहीत. 2012 साली त्यांनी हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टच्या खडकात सोडला. दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून जास्त वायूचं कॅल्साइट झालं, म्हणजे दगडच. निवळी दुधाळ करणारा पांढरा साका असतो ना, त्याच जातीचा.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण. महाराष्ट्रातला सह्याद्री बहुतेक त्याचाच, दख्खनच्या पठाराचा मोठा भाग त्याचाच. फक्त एक टन वायू असा मुरवायला पाणी लागतं सुमारे 25 टन, आणि उन्हाळा लागला की याच पाषाणावरच्या कितीतरी गावांत हंडे रांगेत ठेवून टँकरची वाट बघत बसतात.