भरलेल्या होडीचा पंखा

(दृश्य: मालवणचा दांडी किनारा, सकाळ. वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या, उचललेल्या मोटारी.)

मालवणच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या या फायबरच्या होड्यांच्या मागच्या फळीवर आऊटबोर्ड मोटार बसवलेली असते आणि तिच्या तळाशी, वाळूला टेकू नये म्हणून वर उचलून धरलेला, तीन पात्यांचा पंखा असतो. मोटार घेताना ती किती अश्वशक्तीची, टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, तेल किती पिणार, सुटे भाग कुठे मिळणार, याची चर्चा घरात आणि किनाऱ्यावर अनेक दिवस चालते. पंख्याची चर्चा मात्र सहसा होत नाही. मोटारीबरोबर जो आला तोच वर्षानुवर्षे फिरत राहतो. वास्तविक इंजिनात तयार झालेली सारी ताकद पाण्यात उतरते ती या तीन पात्यांतूनच, आणि ती किती उतरेल हे पात्यांचा आकार ठरवतो.

(दृश्य: वर्कशॉप. ग्रीस पुसून पंख्याच्या बुंध्यावरचे आकडे उजेडात धरले जातात.)

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात मोटारी दुरुस्तीला येतात, तेव्हा पंखा हातात घेऊन निवांत पाहण्याची संधी मिळते. बुंध्यावरचा मळ पुसला की दोन आकडे दिसतात. पडद्यावरच्या या पंख्यावर सव्वानऊ आणि दहा असे आकडे आहेत. पहिला आकडा व्यासाचा आहे: पंखा फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ आखतात, ते सव्वानऊ इंचांचे आहे. दुसरा आकडा पिचचा आहे. लाकडात स्क्रू पिळावा तसा हा पंखा एखाद्या घट्ट पदार्थात पिळता आला असता, तर एका फेऱ्यात तो दहा इंच पुढे गेला असता, असा त्याचा अर्थ आहे. पाणी लाकडासारखे घट्ट नसते. ते मागे सरकते, आणि म्हणून होडी प्रत्येक फेऱ्याला दहा इंचांपेक्षा बरीच कमी पुढे जाते. या तुटीला स्लिप म्हणतात. ही तूट सगळीच वाया जाते असे समजू नये, कारण पाणी मागे ढकलले गेल्याशिवाय होडी पुढे सरकणारच नाही. मात्र ती प्रमाणाबाहेर वाढली की पेट्रोल पाणी घुसळण्यातच खर्च होऊ लागते.

कॅमेरा पात्याच्या अगदी जवळ नेला की त्याचा पीळ स्पष्ट दिसतो. बुंध्याजवळ पाते जास्त उभे असते आणि टोकाकडे ते आडवे होत जाते. टोकाचे वर्तुळ मोठे असल्यामुळे एका फेऱ्यात टोकाला जास्त अंतर कापावे लागते, आणि तरीही पात्याच्या सर्व भागांनी पुढे मात्र सारखेच सरकले पाहिजे, म्हणून ही रचना केलेली असते. दगडावर आपटून टोक जरा वाकले तरी पंखा थरथरू लागतो तो याचमुळे, आणि हातोडीने अंदाजे सरळ केलेल्या पात्याचा मूळ पीळ परत येतोच असे नाही.

(दृश्य: जुने रेखाचित्र. लाकडी स्क्रू बसवलेली एकोणिसाव्या शतकातील होडी.)

हा आकार कागदावरच्या गणितातून एकदम जन्मलेला नाही. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये स्क्रूच्या पंख्याचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांचा पंखा म्हणजे दोन पूर्ण वेढे असलेला लांब लाकडी स्क्रू होता. वेढे जितके जास्त तितकी पाण्यावरची पकड चांगली, असे तेव्हा वाटणे स्वाभाविक होते. १८३७ मध्ये लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी सुरू असताना त्या स्क्रूचा अर्धा भाग कशावर तरी आपटून तुटला, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत होडीचा वेग कमी होण्याऐवजी वाढला. स्मिथ यांनी तो अपघात नुसता नोंदवून सोडला नाही. त्यांनी पुढचा पंखा एकाच वेढ्याचा केला. १८३६ मध्येच स्वीडिश अभियंते जॉन एरिक्सन यांनीही आपल्या वेगळ्या रचनेचे पेटंट घेतले होते, आणि पुढच्या काही दशकांत स्क्रूच्या पंख्याने जहाजांच्या बाजूची मोठी चाके हळूहळू मागे टाकली. पंख्याची योग्य निवड पाण्यात प्रत्यक्ष चालवून पाहिल्यानेच होते, ही गोष्ट त्या कालव्यातच दिसून आली होती, आणि आपण मालवणच्या समुद्रात तेच करून पाहणार आहोत.

(दृश्य: होडीत जाळी, बर्फाचे खोके, पेट्रोलची टाकी आणि चार माणसे चढतात. मोटारीच्या झाकणाखाली प्लगच्या वायरीवर मीटरची वायर गुंडाळली जाते.)

चाचणीसाठी निवडलेली होडी सुमारे चोवीस फुटांची आहे आणि तिला ९.९ अश्वशक्तीची फोर-स्ट्रोक मोटार आहे. या मोटारीच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर दिल्यावर, त्याचे फेरे मिनिटाला ५,००० ते ६,००० असावेत असे दिले आहे, आणि पंखा निवडताना सर्वांत आधी पाहायचा तो हाच आकडा आहे. छोट्या मोटारींना फेरे दाखवणारे मीटर बहुधा नसते, म्हणून प्लगच्या वायरीवर वायर गुंडाळून चालणारे स्वस्त मीटर येथे लावले आहे. मोटार एका फेऱ्याला किती ठिणग्या देते त्यानुसार या मीटरची सेटिंग ठेवावी लागते. ती चुकली तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि सगळी चाचणी वाया जाते. वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहिला आहे, आणि पाण्याच्या ओढीचा फरक निघून जावा म्हणून तेच अंतर जाताना आणि येताना असे दोन्ही बाजूंनी कापले आहे.

होडी रिकामी का नेत नाही, असे विचारल्यावर तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखांनी, दिलेले उत्तर त्यांच्याच शब्दांत ऐकण्यासारखे आहे: "रिकामी होडी कोणय पळयतलो. भरलेली होडी काय करता, ता बघूक व्हया." पंखा निवडण्याच्या चाचणीत ओझे सर्वांत महत्त्वाचे का, हे याहून नेमके सांगता येणार नाही.

(दृश्य: खुला समुद्र, मागे सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट. मीटरचा आकडा, मग फेसाळ पाणी.)

मोटारीबरोबर आलेल्या दहा पिचच्या पंख्यावर तांडेल थ्रॉटल पूर्ण उघडतात. मीटरवरचा आकडा ४,६०० च्या आसपास येऊन थांबतो आणि होडीचा वेग ताशी तेरा किलोमीटरच्या जवळ राहतो. या मोटारीचे इंजिन २.०८ वेळा फिरते तेव्हा पंखा एकदा फिरतो. त्या हिशेबाने, स्लिप अजिबात नसती तर, दहा इंचांच्या पिचला ताशी सुमारे चौतीस किलोमीटरचा वेग मिळायला हवा होता. इतक्या ओझ्याची, लांबट तळाची होडी तेवढ्या वेगाने जाणे शक्यच नाही, त्यामुळे तेरा आणि चौतीस यांतील अंतरात नवल नाही. लक्ष द्यायचे ते ४,६०० या आकड्याकडे. थ्रॉटल पूर्ण उघडा असूनही इंजिन आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचत नाही; म्हणजे पाते त्याच्या ताकदीच्या मानाने फार मोठा घास घेत आहे.

(दृश्य: होडी किनाऱ्याला. पिन काढणे, नट सोडणे, पंखा उतरवणे, शाफ्टला ग्रीस लावणे, दुसरा पंखा बसवणे.)

किनाऱ्यावर येऊन पंखा बदलण्याचे काम वेळ घेणारे नाही, आणि ते प्रत्येक होडीमालकाने स्वतः करावे असे आम्हाला मनापासून वाटते. इंजिन बंद करून, सुरक्षेची दोरी काढून, मोटार न्यूट्रलमध्ये ठेवून मगच पंख्याला हात लावायचा. पिन सरळ करून ओढली, नट सोडला, वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडून ठेवले, की पंखा हातात येतो. शाफ्टवर जाळ्याचा दोरा किंवा मासेमारीची तंगूस गुंडाळलेली नाही ना, हे याच वेळी पाहायचे, कारण अडकलेली तंगूस आतले सील कापते आणि गिअरच्या तेलात पाणी शिरते. मग शाफ्टच्या दात्यांना सागरी ग्रीस लावून त्याच व्यासाचा, पण आठ पिचचा पंखा बसवला आहे आणि जुन्या पिनेऐवजी नवी पिन घातली आहे.

(दृश्य: पुन्हा समुद्र. तेच ओझे, तीच माणसे.)

पिच एक इंच कमी केले की पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेने वाढतात, असा ढोबळ नियम आहे. पिच दोन इंच कमी झाल्यावर आकडा ५,००० च्या थोडा वर गेला आणि वेगही ताशी चौदा किलोमीटरपर्यंत आला. आवाजातला फरक चित्रणात ऐकू येतो: पहिल्या फेरीत इंजिन दबलेल्या आवाजात ओढत होते, आता ते मोकळे फिरत आहे. पुढे माणसे आणि जाळी उतरवून रिकामी होडी पळवली, तेव्हा आकडा ५,७०० च्या आसपास राहिला. रिकाम्या होडीची ही फेरी कधीही टाळू नये. रिकाम्या होडीत इंजिन ६,००० च्या वर गेले असते, तर आठ पिचही या होडीला कमी ठरले असते आणि नऊ पिचचा पंखा लावून पुन्हा समुद्रात जावे लागले असते.

ज्या मोटारीचे फेरे सतत दबलेले राहतात, तिच्यात काजळी साचते, ती तापते, जास्त पेट्रोल खाते आणि लवकर दुरुस्तीला येते.

(दृश्य: वर्कशॉपमध्ये ओळीने मांडलेले पंखे. तीन पाती, चार पाती, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील.)

हळू आणि ओझ्याने चालणाऱ्या होडीला मोठा व्यास आणि कमी पिच मानवते, तर पर्यटकांना घेऊन वेगाने पाण्यावर उचलून चालणाऱ्या हलक्या बोटीला जास्त पिच चालते. देवबागजवळ कर्ली नदीच्या मुखात फिरणाऱ्या पर्यटकांच्या बोटीचा पंखा पाहून जाळ्यांच्या होडीला तसाच पंखा घेणे योग्य नाही, आणि याच्या उलट करणेही तितकेच चुकीचे आहे. काही मोटारी ओझे ओढण्यासाठीच बनवलेल्या असतात. त्यांच्यात गिअरचे प्रमाण २.०८ ऐवजी २.९२ पर्यंत असते, म्हणजे पंखा सावकाश पण जास्त जोराने फिरतो आणि मोठा व्यास पेलतो. चार पात्यांचा पंखा लाटांत पकड चांगली ठेवतो आणि कमी थरथरतो. त्या बदल्यात सर्वोच्च वेग थोडा कमी होतो.

धातूच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. स्टेनलेस स्टीलचा पंखा सडपातळ, टिकाऊ आणि मोकळ्या पाण्यात अधिक कार्यक्षम असतो, पण मालवणच्या किनाऱ्याजवळ पाण्याखाली खडक भरपूर आहेत, आणि पाते वाकले नाही तर आपटण्याचा धक्का शाफ्ट आणि गिअर यांच्याकडे जातो. ॲल्युमिनियमचे पाते वाकते किंवा तुटते, म्हणजे धक्का स्वतःवर घेते. छोट्या होडीसाठी ॲल्युमिनियमचा पंखा आणि सोबत एक जादा पंखा ही निवड आम्हाला अधिक सुरक्षित वाटते.

(दृश्य: पंख्याच्या बुंध्यावर आतून बाहेरपर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढली जाते.)

अनेक पंख्यांच्या बुंध्यात आतला आणि बाहेरचा भाग जोडणारे रबरी बुश असते, आणि ते सुटले की इंजिन जोरात फिरते पण होडी तितकी सरकत नाही. अशा वेळी पिच चुकले असे समजून नवा पंखा घेतला जातो. ही रेघ त्याची खात्री करून देते: होडी जोरात चालवून परत आल्यावर आतली आणि बाहेरची रेघ एकमेकींपासून सरकलेली दिसली, तर दोष बुशाचा आहे. मोटारीची उंचीही आधी पाहावी. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा जेमतेम इंचभर खाली असावी. मोटार जास्त वर बसली तर पंखा पृष्ठभागावरची हवा खाली ओढतो आणि वळणावर पकड सुटते. पंधरा इंचांच्या फळीला छोट्या शाफ्टची आणि वीस इंचांच्या फळीला लांब शाफ्टची मोटार लागते. होडीच्या तळाला शिंपले चिकटले असतील, तर ते खरवडल्याशिवाय केलेल्या चाचणीला अर्थ राहत नाही.

(दृश्य: दुकानाचा काउंटर. होडीमालक वहीतील आकडे दाखवतात.)

नवा पंखा मागताना मोटारीचे मॉडेल, शाफ्टच्या दात्यांची संख्या, सध्याच्या पंख्याचे दोन्ही आकडे आणि भरलेल्या व रिकाम्या होडीवर मिळालेले फेरे लिहून न्यावेत. विक्रेत्यांनीही मोटार विकताना होडीची लांबी, तिच्यातले ओझे आणि तिचे काम विचारावे, आणि आठ, नऊ व दहा पिचचे पंखे चाचणीपुरते हाताशी ठेवावेत. बंदर असलेल्या प्रत्येक गावातील मच्छीमार सहकारी संस्थेने असा एक संच आणि फेरे मोजण्याचे एक मीटर घेतले, तर बंदी उठण्याच्या आधीच दुकानातून नेमका कोणता पंखा मागवायचा हे ठरवता येईल.