कन्हान ते मनसर, पांदणीनं : तीन दिवसांची पायदळ वाट

(दृश्य : सकाळचं धुकं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या, मधून गेलेली बैलगाडीची चाकोरी.)

नागपूरहून रामटेकला गाडीनं जायला तास-सव्वा तास लागतो. हाच मुलूख चार-सहा मित्रांनी मिळून तीन दिवसांत पायदळ बघायचा असेल, तर पहिला निर्णय हमरस्ता सोडण्याचा. राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या कडेनं चालणाऱ्याच्या वाट्याला धूर, ट्रकचे भोंगे आणि डांबरानं शेकलेले तळपाय येतात. कन्हान नदीचा पूल वाहनांच्या गर्दीतून पायी ओलांडण्यात कसलाही पराक्रम नाही. म्हणून कन्हानपर्यंत रेल्वेनं किंवा बसनं यायचं आणि पाठीवर पिशवी चढवायची ती कन्हान गाव मागे टाकल्यावर, पहिल्या पांदणीवर, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर.

वाट अशी आहे : पहिल्या दिवशी कन्हान ते नगरधन, सुमारे १६ ते १८ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी नगरधन ते रामटेक, अंतर कमी पण शेवटी गडाची चढण. तिसऱ्या दिवशी खिंडसी तलाव आणि तिथून मनसर. एकूण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर होतात. ‘एवढंच?’ असं गटातलं कोणीतरी म्हणतंच. पण पाठीवर ७ किलो वजन असताना पांदणीवरून ताशी ३ किलोमीटरच निघतात. मग १६ किलोमीटरला विसाव्यांसकट सात तास लागतात, आणि हिवाळ्यात दिवस साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो.

(दृश्य : पांदण. दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी, मधे मुरूम, पुढे काळी माती.)

दिवस निवडायचे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरात बांध्यांमध्ये पाणी असतं, मार्चमध्ये ऊन पस्तिशीच्या वर जातं. मात्र कार्तिकी पौर्णिमेला रामटेकला मोठी यात्रा भरते. तेव्हा धर्मशाळेत पाय ठेवायला जागा मिळत नाही, ते दिवस टाळावेत.

उपग्रह नकाशात पांदण स्पष्ट दिसते, जमिनीवर ती मध्येच अडलेली असू शकते. कुठे शेजारच्या शेतानं ती गिळलेली असते, कुठे काटेरी झुडपांनी. शासनाच्या पाणंद रस्ते योजनेतून काही पांदणींवर खडी-मुरूम पडला आहे, तिथे पाय सरळ पडतो. बाकी ठिकाणी काळी माती. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकट होते. त्यामुळे रात्री कोणी गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी सोडलं असेल, तर सकाळी त्या पांदणीवर वीस पावलांत बूट दुप्पट जड होतो. माती काठीनं खरवडत बसण्यापेक्षा कडेच्या गवतावरून चालावं. गवतात कुसळं असतात, ती मोज्यात शिरून दिवसभर टोचतात. त्यासाठी घोट्याभोवती जुन्या चादरीची पट्टी गुंडाळली तरी पुरते.

धान कापल्यावर बांधी रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. धान उभं असतानाच त्यात लाखोळी हे कडधान्य फेकून पेरलेलं असतं, आणि कापणीनंतर त्याचे कोवळे कोंब जमिनीलगत पसरतात. शॉर्टकट म्हणून सहा जण बांधीतून गेले, तर त्या शेतकऱ्याच्या पिकात सहा जणांची वाट पडते. चालायचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, एकामागे एक. शेतात कोणी दिसलं की आधी राम राम घालायचा. समोरून प्रश्न येतोच : ‘कुठं चालले जी, पायदळ?’ गावाचं नाव सांगितलं की पांदण कुठे फुटली आहे आणि कोणत्या नाल्याला पाणी आहे, हे सगळं त्याच माणसाकडून कळतं. अंतर विचारताना ‘किती किलोमीटर’ असं विचारू नये. ‘पायी किती वेळ लागेल’ असं विचारावं, मग उत्तर खरं येतं.

(दृश्य : धुऱ्यावरची तार, जवळून. लाकडी खुंटीला पांढरा प्लास्टिकचा इन्सुलेटर, बाजूला सौर पट्टी आणि डबा.)

ही झटका मशीनची तार. रानडुकरं आणि नीलगायी पीक खातात म्हणून ती बांधलेली असते. तिचा झटका क्षणभराचा असतो, जोराचा लागतो, पण जनावर मरत नाही. धोका वेगळ्या तारेचा आहे. काही जण बेकायदा थेट विजेच्या लाइनवरून प्रवाह सोडतात. त्या तारेला ना डबा असतो ना सौर पट्टी, आणि तिनं माणसं मेली आहेत. अंधारात दोन्ही तारा सारख्याच दिसतात. म्हणून या वाटेवर नियम एकच : सूर्य उगवण्याआधी शेतात पाऊल नाही आणि मावळल्यावरही नाही. पहाटे चारला निघून ऊन टाळण्याची डोंगरातली सवय इथे जिवावर बेतू शकते. सकाळी सातला निघावं. दुपारी पारा २८-२९ अंशांच्या आसपास असतो, त्यात सावलीत तासभर काढला तरी संध्याकाळच्या आत मुक्काम गाठता येतो.

पेंच प्रकल्पाचे कालवे या भागात लागतात. त्यांच्या कडेचा रस्ता सपाट आणि मोकळा असतो, चालायला सगळ्यांत सोपा. पण कालव्यात हात-पाय धुवायला उतरू नये. आतलं काँक्रीट तिरपं असतं आणि शेवाळानं निसरडं होतं. पाणी संथ दिसलं तरी ओढ असते. पाय घसरलेल्या माणसाला धरायला काही सापडत नाही, आणि पोहता येणाराही काठावर चढू शकत नाही. पाणी हातपंपावरूनच घ्यावं. निघताना प्रत्येकाजवळ २ लिटर असावं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच मिसळायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं तर ते जास्त खारट होतं आणि तहान उलट वाढते.

(दृश्य : बूट काढलेला पाय, टाचेवर लालसर डाग. कात्रीनं कापली जाणारी कागदी चिकटपट्टी.)

या वाटेवर माणसं परत फिरतात ती थकव्यानं नव्हे, टाचेच्या फोडानं. घामानं कातडी मऊ होऊन मोज्याला चिकटते. आत हाड मात्र प्रत्येक पावलाला पुढे-मागे सरकत राहतं. त्या ओढाताणीत कातडीचे थर एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या जागेत पाणी भरतं. फोड येण्याआधी तिथे चुरचुरतं. चुरचुर जाणवली की त्याच क्षणी थांबायचं, पुढच्या गावापर्यंत नाही. पाय कोरडा करायचा. औषधाच्या दुकानातल्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा कापून त्याचे कोपरे गोल करायचे, कारण चौकोनी कोपरा मोज्यात दुमडतो आणि पट्टी निघून येते. ती न ताणता, सुरकुती न पाडता लावायची आणि रात्रीपर्यंत काढायची नाही. फोड भरलाच आणि चालणं अशक्य झालं, तर स्पिरिटनं पुसलेल्या सुईनं खालच्या कडेला दोन छिद्रं पाडावीत आणि वरची कातडी तशीच राहू द्यावी. मधुमेह असलेल्यानं हे स्वतः करू नये, थेट दवाखाना गाठावा.

बूट नवे नकोत. महिनाभर रोज घालून मऊ केलेले आणि अर्धा नंबर मोठे असावेत, कारण दुपारपर्यंत पाय सुजतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात. लोकर किंवा सिंथेटिक मिश्रणाचे दोन जोड पुरतात.

सगळ्यांत हळू चालणारा पुढे, ही शिस्त पहिल्या तासातच लावावी. तो मागे राहिला तर दर विसाव्याला तो येऊन टेकतो तेव्हा बाकीचे उठलेले असतात. सगळ्यांत जास्त गरज त्याला, आणि विसावा मात्र मिळतच नाही. मैत्रीत कटुता येते ती इथूनच. सगळ्यांच्या मागे चालणाऱ्याजवळ औषधांची पिशवी आणि चार्ज केलेला फोन असावा.

(दृश्य : नगरधनचा किल्ला, संध्याकाळचं ऊन.)

नगरधनला किल्ला भोसल्यांच्या काळातला दिसतो, पण पायाखालची माती फार जुनी आहे. हेच वाकाटक राजांचं नंदिवर्धन, त्यांची राजधानी. राज्य पुरातत्त्व विभाग आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं २०१५ ते २०१८ मध्ये इथे उत्खनन केलं. त्यात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ब्राह्मीत तिचं नाव आणि सोबत शंख. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवऱ्यामागे लहान मुलांच्या वतीनं तिनं राज्य चालवलं. दिवसभर तिच्या मुलखातून चालून आल्यावर हे ऐकलं की त्या मातीकडे नीट बघितलं जातं.

मुक्कामासाठी शाळा किंवा समाजमंदिर मिळू शकतं, पण संध्याकाळी अचानक उगवू नये. आठवडाभर आधी सरपंच आणि पोलीस पाटलांशी बोलावं, सगळ्यांची नावं आणि फोन नंबर द्यावेत. जेवण एखाद्या घरी ठरवायचं तर दुपारी बाराच्या आत कळवावं. भाकर, वांग्याची भाजी, वरण-भात; सहा जणांचं करायलाही वेळ लागतो. पैसे आधीच बोलून घ्यावेत आणि ‘राहू द्या जी’ म्हटलं तरी द्यावेत.

दुसऱ्या दिवशी अंबाळा तलावाच्या घाटावरून पायऱ्यांनी गड चढावा. वर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची दोन मंदिरं आहेत, केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. केवल नरसिंहाच्या भिंतीत त्याच काळातला शिलालेख आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे हाच डोंगर, असं इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं. गडावर माकडं आहेत. हातात पिशवी दिसली की ती जातेच. खाऊ पाठीवरच्या पिशवीत, चेन लावून ठेवावा.

तिसऱ्या दिवशी खिंडसीचा वळसा आणि मग मनसर. डांबरी रस्त्यावर उजव्या बाजूनं चालावं, म्हणजे येणारी गाडी समोर दिसते. मनसरला तलावाकाठी हिडिंबा टेकडी आहे. तिच्या पोटातून विटांचं भव्य बांधकाम निघालं आहे. वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर ते हेच, असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे. पलीकडे मँगनीजची खाण आहे.

(दृश्य : मनसरहून उत्तरेला दिसणारं सागाचं जंगल.)

इथून उत्तरेला पेंचचं जंगल सुरू होतं. पाय बरे असले की गटात कोणीतरी म्हणतं, देवलापारपर्यंत अजून एक दिवस चालू या. चालायचं नाही. ती वाघाची ये-जा असलेली जागा आहे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. जंगल बघायचं तर सिल्लारी किंवा चोरबाहुलीच्या गेटवरून, नोंदणी करून, गाडीत बसून. पायदळ वाट मनसरला संपते. नागपूरची बस हमरस्त्यावर मिळते.